जुना डिजिटल मिक्सर बिघडला तर पेचकस हातात घ्यायच्या आधी काय बघायचं

आता लहान साउंडवाल्यांकडे, शाळेच्या हॉलमधे, ऑर्केस्ट्रावाल्यांकडे सेकंडहँड डिजिटल मिक्सर बरेच दिसायला लागलेत. यामाहाचा ०१व्ही९६ साधारण २००३ चा, एलएस९ २००६ चा, म्हणजे मशीनचं वय वीसच्या आसपास आणि ती अजून दर सीझनला टेम्पोत चढतायत, मांडवात उभी राहतायत, नाटकाच्या दौऱ्यावर जातायत. चांगली मशीन आहेत ही आणि नीट सांभाळली तर अजून बरीच वर्षं कामाला येतील असं मला मनापासून वाटतं. पण नवीन मुलं ही मशीन घेतात आणि पहिला बिघाड आला की दोनपैकी एक गोष्ट करतात, एकतर घाबरून थेट रिपेअरवाल्याकडे नेतात नाहीतर स्वतःच खालचे स्क्रू काढून बसतात. दोन्हीमधे नुकसान होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, वरच्या दोन मॉडेलची उदाहरणं घेऊन, बाकी कुठलाही जुना डिजिटल मिक्सर असला तरी पद्धत हीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बिघाड काय आहे हे नंतर, बिघाड कुठे आहे हे आधी. मिक्सरच्या बाहेर आहे का, मिक्सरच्या सेटिंगमधे आहे का, का खरंच आतल्या हार्डवेअरमधे आहे? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पहिल्या दोनातच सापडतो आणि त्यासाठी मशीन उघडावं लागत नाही.

एकदा तालुक्याच्या गावी नाटकाचा प्रयोग होता, पार्श्वसंगीत रेकॉर्डरवरून डिजिटल केबलने मिक्सरमधे घेतलेलं आणि त्या संगीतात मधे मधे टिक, टिक. मी केबल बदलली, परत बदलली, तिसरी लावली, दुसरी घंटा झाली तरी टिक चालूच. मशीन गेलं अशी खात्रीच झाली होती माझी. शेवटी शांतपणे ऐकलं तर माइकवर टिक नाही, फक्त रेकॉर्डरवर आहे. म्हणजे मिक्सर स्वतःच्या घड्याळावर (डिजिटल आवाज ज्या ठेक्यावर चालतो त्या आतल्या क्लॉकवर) चाललाय आणि रेकॉर्डर त्याच्या स्वतःच्या घड्याळावर. रेकॉर्डरचा अॅनालॉग आउट काढून साध्या लाइन इनपुटला लावला, टिक बंद, तिसरी घंटा वेळेवर. तो अर्धा तास मी कुठे हा प्रश्न न विचारता घालवला होता.

आधी बॅकअप

काहीही हात लावायच्या आधी सीन (म्हणजे मिक्सरमधे एका नावाने सेव्ह केलेला सगळ्या सेटिंगचा संच) आणि सेटिंग बाहेर काढून ठेवा. एलएस९ ला यूएसबी पोर्ट आहे, कमी क्षमतेचा जुना पेनड्राइव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट करून त्यावर सगळं सेव्ह होतं. ०१व्ही९६ ला पेनड्राइव्ह लागत नाही, त्याला कॉम्प्युटर जोडून स्टुडिओ मॅनेजर या यामाहाच्या सॉफ्टवेअरमधून किंवा मिडी बल्क डंप करून (मिडी जोडणीतून सगळी मेमरी एकदम बाहेर काढून) घ्यावं लागतं. कंटाळा येतो पण करा. कारण जुन्या मशीनमधे आत एक बटण सेल असतो, ३ व्होल्टचा, मशीन बंद असताना मेमरी तोच धरून ठेवतो आणि तो संपत आला की चालू करताना स्क्रीनवर लो बॅटरीचा इशारा येतो. लोक तो इशारा एंटर दाबून पुढे ढकलतात. एक दिवस मशीन चालू केलं की वर्षभराचे सीन गायब आणि सगळे समजतात मदरबोर्ड गेला. सेल बदलून घेणं हे छोटं काम आहे, फक्त बदलताना मेमरी पुसली जाऊ शकते, म्हणून बॅकअप आधी आणि सेल नंतर.

मग वीज

मांडवात, जनरेटरवर, शाळेच्या हॉलच्या कोपऱ्यातल्या बोर्डवर मिक्सर लावताना आधी मल्टिमीटर लावायची सवय करा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ पण तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ दोनतीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमधे दहा-वीस व्होल्ट दिसले किंवा फेज-अर्थ काही दाखवतच नसेल तर अर्थिंगमधे किंवा न्यूट्रलमधे घोळ आहे, तिथे मिक्सर लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर सॉकेटवर २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं आणि त्यात कुठलंही मशीन वाचत नाही. जुन्या मशीनला वीज जराशी झुकली तरी रीस्टार्ट व्हायची सवय लागते, त्यासाठी मिक्सरपुरता एक छोटा यूपीएस ठेवा. लाइट गेल्यावर अॅम्प बंद पडतील पण मिक्सर पुन्हा बूट व्हायची वाट बघत पब्लिकसमोर उभं राहावं लागणार नाही.

आणि हम (घुंऽऽ असा सततचा आवाज) येतोय म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारे अजूनही आहेत. कृपा करून हे करू नका, कोणी शिकवलं असेल तरी नका करू. गायकाच्या हातात धातूचा माइक असतो, त्याची बॉडी केबलच्या शील्डमधून मिक्सरच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. अर्थ तोडला आणि कुठेतरी फेज चासीला लागला तर तो करंट माणसातून जाणार. हम घालवायला डीआय बॉक्सचा (वाद्य मिक्सरला जोडायची छोटी पेटी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे फक्त सिग्नल केबलचा ग्राउंड तोडणारा स्विच, आहे, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे, ते वापरा.

आवाजच येत नाही

डिजिटल मिक्सरवर ही तक्रार सगळ्यात जास्त आणि यात मशीन खराब असण्याची शक्यता सगळ्यात कमी. आधी मीटर बघा. इनपुट मीटर हलतोय का? हलत असेल तर माइक, केबल, स्टेज बॉक्स (स्टेजवरची माइक लावायची पेटी), प्रीअॅम्प (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) सगळं ठीक आहे, अडचण पुढे आहे. हलत नसेल तर मागे आहे. एवढ्या एका नजरेत अर्धी साखळी बाद होते आणि उरलेल्या अर्ध्यात परत असाच मधला बिंदू शोधायचा, तिथे हेडफोन लावून ऐकायचं. चॅनल क्यू करून (म्हणजे फक्त तोच हेडफोनला घेऊन) हेडफोनमधे आवाज स्वच्छ येतोय पण स्पीकरला नाही, मग फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी), म्यूट ग्रुप (एका बटणाने मुके होणारे चॅनल), डीसीए (बऱ्याच चॅनलचा मिळून एक फेडर), स्टिरिओ असाइन (चॅनल मुख्य आउटपुटला दिलाय का), आउटपुट पॅच (कुठला आवाज कुठल्या सॉकेटमधून बाहेर जातो) या क्रमाने बघत जा.

नवीन माणूस हमखास अडकतो त्या जागा सांगतो. पहिली म्हणजे लेयर. ०१व्ही९६ वर फेडर सोळाच आहेत अधिक एक स्टिरिओचा, आणि तेच फेडर कधी १ ते १६, कधी १७ ते ३२, कधी मास्टर असतात, तुम्ही चॅनल तीन समजून एकोणीस वर करत असता. दुसरी जागा इन्सर्ट, म्हणजे चॅनलचा आवाज मधेच दुसऱ्या उपकरणातून फिरवून आणायची वाट, इन्सर्ट ऑन आहे आणि त्यावर काही जोडलेलंच नाही, की चॅनल मुका. तिसरी फँटम, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधूनच जाणारी वीज, ०१व्ही९६ वर फँटमचे स्विच चार-चार इनपुटच्या गटाला एक असे आहेत (१ ते ४, ५ ते ८, ९ ते १२), त्यामुळे कंडेन्सर माइक एका गटातून दुसऱ्या गटात हलवला की मेला असं वाटतं. चौथी, आधीचा ऑपरेटर सीन रिकॉल करून गेलेला असतो आणि त्या सीनमधे आउटपुट पॅचच वेगळा असतो. भाड्याने आणलेल्या मशीनवर तर पहिलं काम हेच, स्वतःचा ओळखीचा सीन लोड करा, दुसऱ्याच्या सीनवर कामाला लागू नका.

सॉकेट खराब का चॅनल?

हा भाग नीट वाचा कारण यात डिजिटल मिक्सरची अशी एक सोय आहे जी अॅनालॉगवाल्याकडे नव्हती आणि फार कमी लोक ती दोष शोधायला वापरतात.

अॅनालॉग मिक्सरमधे पाच नंबरचं सॉकेट म्हणजे पाच नंबरचीच पट्टी. डिजिटलमधे सॉकेट, प्रीअॅम्प आणि कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) हे खरंखुरं हार्डवेअर आहे पण त्याच्या पुढचा चॅनल, म्हणजे इक्यू, कॉम्प्रेसर, लेव्हल, हे सगळं गणित आहे, प्रोसेसरमधे चालतं. आणि मधे पॅच आहे, म्हणजे कुठलं सॉकेट कुठल्या चॅनलला ते ठरवणारं सेटिंग. समजा चॅनल पाचवर खरखर येतेय. माइक आणि केबल पाचच्या सॉकेटला तशीच राहू दे. इनपुट पॅचमधे जाऊन चॅनल पाचला सॉकेट सहा द्या आणि चॅनल सहाला सॉकेट पाच द्या. आता खरखर चॅनल सहावर गेली का? गेली तर ती सॉकेटबरोबर फिरली, म्हणजे माइक, केबल, सॉकेट किंवा प्रीअॅम्प. चॅनल पाचवरच राहिली तर तो सेटिंगचा विषय आहे, गेट (हळू आवाज कापणारा) चुकीचा लागलाय, इफेक्ट येतोय, काहीतरी तसलंच. मग पुढची पायरी, पॅच पूर्ववत करा आणि खात्रीची चांगली केबल आणि चांगला डायनॅमिक माइक थेट मिक्सरच्या मागे पाचच्या सॉकेटला लावा, मधे स्टेज बॉक्स नको, मल्टिकोअर (बऱ्याच तारांची एक जाड केबल) नको. खरखर गेली तर मिक्सर निर्दोष, दोष स्टेजपर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी. राहिली तर सॉकेट किंवा प्रीअॅम्प. दहा मिनिटांचं काम आहे, स्क्रू एकही काढलेला नाही आणि दोष एका जागेवर आलाय.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मात्र पाळा. केबल, माइक आणि सॉकेट तिन्ही एकदम बदलले आणि खरखर गेली तर कशामुळे गेली ते कळत नाही आणि ती खराब केबल परत पेटीत जाते.

यातूनच दुसरी गोष्ट येते, दोषाचा नमुना. एकच इनपुट खराब असेल तर बहुतेक सॉकेट, सोल्डर जॉइंट किंवा तो एक प्रीअॅम्प. सलग चार किंवा आठ इनपुट एकदम गेले तर त्यांच्यात काहीतरी सामायिक आहे, एक कन्व्हर्टर चिप, एक बोर्ड, एक रिबन केबल, घाटातून टेम्पोने आलेल्या मशीनमधे रिबन सैल झालेली असणं अगदी शक्य आहे. सगळेच्या सगळे चॅनल एकदम बिघडले तर पॉवर सप्लाय, क्लॉक किंवा आउटपुटची बाजू. रिपेअरवाल्याला नुसतं मिक्सर खराब आहे न सांगता ९ ते १६ सलग जातात आणि मशीन गरम झाल्यावरच जातात असं सांगितलं तर त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे.

फँटमचा संशय असेल तर मल्टिमीटरने तपासता येतो. फँटम चालू करा, एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनच्या सॉकेटच्या) पिन १ आणि २ मधे डीसी व्होल्टेज बघा, मग १ आणि ३ मधे. दोन्हीकडे ४८ च्या आसपास, चार व्होल्ट इकडेतिकडे चालतात. एका पिनवर आहे आणि दुसऱ्यावर नाही तर आतला ६.८ किलोओहमचा रेझिस्टर किंवा सोल्डर गेलाय. आणि एक, एलएस९ वर गेन फिरवताना -१४ आणि -१३ डीबीच्या मधे आत पॅड (सिग्नल कमी करणारा भाग) बदलतो, तिथे हलकासा टक ऐकू आला तर तो बिघाड समजू नका.

आवाजाच्या जातीवरून

घुंऽऽ असा जाड हम, वीज ज्या ५० हर्ट्झवर चालते त्याचाच, बहुतेक वेळा मिक्सरमधला नसतो. सगळे इनपुट काढा, हेडफोन लावा. हेडफोन स्वच्छ आणि पीएमधे हम, तर मिक्सर आणि अॅम्पच्या मधे ग्राउंड लूप (अर्थला दोन वाटा मिळून झालेला फेरा) आहे, दोघं वेगवेगळ्या बोर्डवरून वीज घेतायत का बघा आणि एकाच ठिकाणाहून द्या.

ठरावीक अंतराने टिक येत असेल आणि तेही फक्त डिजिटल इनपुटवर, तर क्लॉक. सगळ्या डिजिटल उपकरणांत मालक एकच असला पाहिजे, बाकीच्यांनी त्याच्या मागे चालायचं. सेटअपमधे वर्ड क्लॉकचं पान उघडा, सोर्स काय आहे बघा, बाहेरचं काही डिजिटल जोडलेलं नसेल तर इंटर्नलवर ठेवा. जोडलेलं असेल तर सॅम्पल रेट दोन्हीकडे सारखा आहे का तेही बघा, एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असं चालत नाही. बीएनसीने (फिरवून बसणारा गोल कनेक्टर) क्लॉक देत असाल तर केबल ७५ ओहमचीच हवी, दिसायला सारखी असली तरी दुसरी नको.

अनियमित खरखर, केबल हलवली की वाढते, ती संपर्काची. आवाज फाटतोय पण फक्त एका चॅनलवर, आधी गेन कमी करून बघा, मग इक्यू बंद करून बघा, कुणीतरी खालच्या फ्रिक्वेन्सीला भरपूर बूस्ट देऊन ठेवलेला असतो आणि चॅनल आतल्या आत क्लिप होत असतो.

फेडर स्वतःच हलतो किंवा हलतच नाही

मोटरवाले फेडर ही जुन्या मशीनची सगळ्यात दमलेली जागा. तपासायला एक साधी युक्ती आहे, दोन सीन बनवा, एकात सगळे फेडर वर, दुसऱ्यात सगळे खाली, आणि आलटून पालटून रिकॉल करा. जो मागे राहतो तो लगेच दिसतो. हे करताना स्पीकर बंद ठेवा.

आता फरक ओळखा. फेडर हाताने हलवला की स्क्रीनवर आकडा बरोबर बदलतो पण रिकॉलला तो जागेवर जात नाही, तर वाचणारा भाग ठीक आहे, मोटर, पट्टा किंवा मोटर चालवणारा भाग गेलाय. अशा मशीनवर कार्यक्रम होऊ शकतो, फक्त हाताने करायचं. पण फेडर एका जागी थरथरतोय, आकडा आपोआप नाचतोय, तर आतली पट्टी घाण झालीय आणि मशीनला कळत नाहीये की फेडर नक्की कुठे आहे, त्यामुळे मोटर सारखी शोधत राहते. हा धोकादायक, मुख्य गायकाचा आवाज मधेच उडी मारेल. त्या फेडरवर महत्त्वाचं काही ठेवू नका, पॅचमधून चॅनल दुसरीकडे हलवा.

यावर पहिला उपाय कॅलिब्रेशन, म्हणजे फेडरची जागा मशीनला परत मोजू देणं. ०१व्ही९६ बंद करून एंटर दाबून ठेवत चालू केला की कॅलिब्रेशन सुरू होतं, दोनेक मिनिटं लागतात, तोवर फेडरला हात लावू नका. एलएस९ वर सीन मेमरीचं स्टोअर बटण दाबून ठेवत चालू केलं की एक मेनू येतो त्यात फेडर कॅलिब्रेशन आहे. नीट वाचून निवडा कारण त्याच मेनूत सगळी मेमरी पुसायचाही पर्याय आहे. आणि ०१व्ही९६ वर तेच स्टोअर बटण दाबून चालू केलं तर थेट फॅक्टरी रीसेटचाच प्रश्न समोर येतो, म्हणजे एका मशीनची सवय दुसऱ्यावर चालत नाही. बॅकअप आधी घ्या म्हणालो ते यासाठी पण.

कॅलिब्रेशनने गेलं नाही तर साफसफाई. हार्डवेअरच्या दुकानातला गंज काढायचा तेलकट स्प्रे फेडरमधे मारू नका, तो आतलं मूळ ग्रीस धुऊन टाकतो, धूळ धरून ठेवतो आणि महिन्याभरात फेडर आधीपेक्षा वाईट होतो. फेडरसाठी वेगळा क्लीनर मिळतो, थोडासाच, मशीन बंद असताना, आणि नंतर पूर्ण सुकू द्या. त्यानेही थरथर राहिली तर फेडर बदलायचा. पार्ट येईपर्यंत तात्पुरतं म्हणून टेक्निशियन त्याच मशीनमधला कोपऱ्यातला, कमी वापराचा फेडर काढून इथे बसवून देऊ शकतो.

बटणं दोनदा दाबावी लागतात किंवा एकदा दाबून दोनदा लागतात तर आतले छोटे स्विच झिजलेत, स्प्रेने चार दिवस बरं वाटतं, पण बदलणं हाच उपाय.

स्क्रीन काळी पडली

आधी घाबरू नका, टॉर्च घ्या आणि स्क्रीनवर तिरका मारा. अक्षरं पुसट दिसतायत? मग मशीन जिवंत आहे, फक्त मागचा दिवा किंवा त्याचा इन्व्हर्टर गेलाय, आणि आजचा कार्यक्रम टॉर्चच्या उजेडात किंवा लॅपटॉपवरून करता येईल. काहीच दिसत नसेल तर कॉन्ट्रास्ट बघा, मग पॉवर सप्लायकडे वळा.

मशीन थंड असताना पहिल्या झटक्यात चालू होत नाही, दोनतीनदा ऑन-ऑफ केल्यावर होतं, मग दिवसभर चालतं. ही खूण ओळखायला शिका. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत आलेत. लोक म्हणतात चालतंय ना, चालू द्या. नका चालू देऊ, कारण ते जाताना कधीकधी पुढचा बोर्डही घेऊन जातात. साधा हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून दुपारच्या उन्हात काळं मशीन उघड्यावर ठेवू नका, मागच्या जाळ्या कापडाने झाकू नका, पंखा असेल तर त्यातली धूळ काढा.

हे काम मात्र स्वतः करू नका. पॉवर सप्लायच्या पहिल्या कपॅसिटरवर २३० ची वीज डीसी होऊन ३२५ व्होल्टपर्यंत साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहते. सोल्डरिंग कितीही चांगलं येत असलं तरी ज्याला हे कसं उतरवायचं ते माहीत आहे त्यालाच हात घालू दे. पार्ट तुम्ही आणणार असाल, मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली, तर १०५ अंशांचे, लो ईएसआर (आतला विरोध कमी असलेले), चांगल्या कंपनीचेच घ्या, व्होल्टेज मूळच्या इतकं किंवा वरचं, कमी कधीच नाही. दहा रुपये वाचवून आणलेला नकली कपॅसिटर सहा महिन्यात परत फुगतो.

पावसाळ्यात

कोकणात किंवा मुंबईत मशीन जून ते सप्टेंबर पेटीत बंद ठेवलं की गणपतीला उघडल्यावर निम्मी बटणं आणि सॉकेट कुरकुरतात. आठवड्यातून एकदा दोनतीन तास चालू ठेवा, आतली ऊबच दमट हवा बाहेर काढते. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि बदलत राहा. एसी गाडीतून उतरवून दमट मांडवात आणलं की लगेच चालू करू नका, अर्धा तास पेटी उघडी ठेवून मशीनला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या, नाहीतर आत दव साचतं.

आणि पेटीच्या झाकणाला आतून एक वही अडकवून ठेवा. तारीख, कुठल्या सॉकेटला काय झालं, गरम असताना का थंड असताना, काय बदललं आणि त्याने काय झालं, एवढं दोन ओळीत लिहायचं. मशीन टेक्निशियनकडे जाईल तेव्हा ती वहीपण त्याच्याबरोबर द्या.